सोडलेल्या अन्नाचा रकाना

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
११ एप्रिल २०२४

राजनंदिनी,

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. लासूर स्टेशनला पत्र दोन-तीन दिवसांत पोचेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. अंतर चाळीसेक किलोमीटर आहे.

तुझ्या वडिलांचा, नानासाहेबांचा निरोप दादाला मिळाला. ५ मेला रविवारी तुमच्याकडे बैठक. दोन्हीकडची माणसं बसतील, काय ते मोकळं करून टाकू, असा निरोप होता. दादाने वकिलाकडून फारकतीचा कागद करून घेतला आहे. त्याची सही व्हायची आहे, तुझीही. त्याआधी तुला आईच्या तब्येतीबद्दल माहीत असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

१६ फेब्रुवारीला आई न्हाणीघरात पडली. डावं मनगट मोडलं. तोंडाला साबण लावून तिने डोळे मिटले आणि तोल गेला. पाय जमिनीवर कुठे आहेत हे तळव्यांना कळत नसलं की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभं राहतं, डोळे मिटले की पडतं. मेंदूच्या डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं उभं करून पाहिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. बी-१२ फार कमी निघालं. १९ फेब्रुवारीपासून इंजेक्शनं चालू आहेत. आधी एक दिवसाआड दिली, आता दर सोमवारी.

सुधारणा अशी आहे. एकच प्रश्न परत परत विचारणं जवळजवळ थांबलं. रामरक्षा मध्ये न अडकता पूर्ण होते. संशय घेणं मार्चच्या मध्यापासून नाही. तळव्यांच्या मुंग्या आहेत, त्या कदाचित राहतील. गेल्या वर्षातले बरेच महिने तिच्यासाठी पुसट आहेत.

ती तुझी चौकशी करते. "नंदिनी माहेरी जाऊन किती दिवस झाले गं?" असं विचारते. तू का गेलीस ते तिला आठवत नाही. मी सांगितलेलं नाही.

बैठकीच्या आधी एकदा येऊन तिला भेटलीस तर बरं होईल. पाटल्यांचा विषय मी या पत्रात काढत नाही.

स्वरदा


१९ एप्रिल

राजनंदिनी,

तुझं उत्तर मिळालं. नानासाहेबांच्या आडतीच्या पावतीमागे एक ओळ: "आईंचं ताक कुणी बंद केलं ते त्या डॉक्टरला सांगितलं का?"

सांगितलं नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिणं हेच माझं काम आहे. आमच्या क्लिनिकमध्ये पेशंट पहिल्यांदा आला की त्याच्याकडून बारा पानांचा फॉर्म भरून घेतात. फंक्शनल मेडिसिनची पद्धतच ती आहे. डोकं दुखलं तर डोक्यापाशी थांबायचं नाही. माणूस काय खातो, झोपतो किती, पोट साफ होतं का, आयुष्यात केव्हा काय घडलं, याची एक रेघ आखायची आणि बिघाड कुठे सुरू झाला ते शोधायचं. पद्धत बरोबर आहे असं मला आजही वाटतं. गेल्या चार वर्षांत असे तीनशेहून जास्त फॉर्म मी भरले. आईचा भरला नाही. घरच्या माणसाचं आपल्याला माहीतच असतं.

मला हे माहीत होतं: बाबा गेल्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत आई काशीला गेली आणि रीतीप्रमाणे आवडती वस्तू सोडून आली. लोक कारलं सोडतात, आईने दूध सोडलं. चहासुद्धा कोरा. पण दही-ताकाला तिने वेगळं धरलं होतं. "दूध सोडलंय, ताक कुठं सोडलंय?" असं म्हणून ती दुपारी मोठा पेला भरून ताक घ्यायची आणि बाबांच्या फोटोकडे बघून हसायची. फॉर्ममध्ये एकतिसावा प्रश्न आहे: कोणते अन्न सोडले, केव्हा, कशासाठी? काशीचं सोडणं मी त्यात कधीच धरलं नाही. ते श्रद्धेत येतं, आहारात नाही, असं माझं वर्गीकरण होतं.

२०२२ च्या जुलैत तिचे गुडघे सुजायला लागले. डोकं जड वाटतं म्हणायची. मी तिला क्लिनिकचा सहा महिन्यांचा आहार लावला. गहू, साखर, दुधाचे सगळे पदार्थ बंद. सूज उतरली आणि म्हणून मी तो पुढे चालू ठेवला. ना मासा ना अंडं खाणारी बाई, दूध आधीच सोडलेलं, पित्ताची गोळी दहा वर्षांपासून रोज सकाळी, आणि तीही बी-१२ नीट शोषू देत नाही. बी-१२ आत जायला ताकाचं एकच दार उरलं होतं. ते मी लावून घेतलं.

वरून मेंदूसाठी म्हणून ज्या कॅप्सूल दिल्या त्यांत फोलिक ॲसिड होतं. त्याने रक्त चांगलं दिसत राहतं आणि आत नसांची झीज चालू राहते. या प्रश्नाला मला एम.एस्सी.ला पूर्ण गुण होते.

तू मला तीनदा सांगितलंस. पहिल्यांदा गच्चीवर, वाळवण काढताना: "ताई, आईंच्या पायाला मुंग्या येतात, लई दिस झाले." मी म्हणाले वयाने होतं. दुसऱ्यांदा: "आईंना रामरक्षेत पुढची ओळ सापडंना." मी म्हणाले, लक्ष नसेल. तिसऱ्यांदा तू काही बोलली नाहीस. टँकर यायचा होता म्हणून मी चारला घरी आले, तर आईच्या हातात ताकाचा पेला आणि तू समोर उभी. पेल्यावर जिऱ्याची पूड होती.

मी जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. "तुमच्याकडे म्हशी आहेत म्हणून प्रत्येक आजाराला दूध हेच औषध. मी हे शिकले आहे, राजनंदिनी." तू म्हणालीस, "शिकलात व्हय, पण आईंकडं बघता कुठं?" आणि पेला उचलून मोरीत ओतलास. मीच ओतायला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, हे किती दिवसांपासून आहे? मी सांगितलं, दोनेक महिने. खरं उत्तर दहा महिने हे होतं.

स्वरदा


२७ एप्रिल

राजनंदिनी,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. ते बरोबर आहे. पण ५ तारीख जवळ येते आहे आणि त्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. पहिल्या पत्रातही नाही. तिथे तर मी "विषय काढत नाही" असं लिहिलं होतं.

पाटल्या सापडल्या.

डॉक्टरांनी दही सुरू करायला सांगितलं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून दह्याचा चिनी मातीचा सट खाली काढला. पावणेदोन वर्षांत तो कोणी काढला नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. झाकणावर धूळ होती, पण धुळीत बोटांचे ठसे होते. आत ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेल्या दोन्ही पाटल्या. नवरात्रात घालायला म्हणून काढल्या आणि कुठेतरी नीट ठेवायच्या म्हणून आईने त्या तिथे ठेवल्या. बाहेरगावी जाताना ती नेहमी दागिने डाळीच्या डब्यात ठेवायची. घरात रोज विरजण लागत असतं तर त्या दुसऱ्या दिवशीच सापडल्या असत्या. तो सट रिकामा का होता, ते मागच्या पत्रात आलं आहे.

हे ३ एप्रिलला झालं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आठ दिवस आधी. मध्ये पाडवा झाला. मी गुढीला साखरेची गाठी बांधली, दादाच्या हातात प्रसाद दिला आणि पाटल्या माझ्या कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली होत्या. अजून तिथेच आहेत. दादाला माहीत नाही. आईलाही नाही.

का सांगितलं नाही, याचं कारण मी तीन वेळा लिहून खोडलं. पाटल्या सापडल्या म्हटल्यावर दादा पहिला प्रश्न विचारेल, "म्हणजे आईला तेव्हा आठवत नव्हतं?" आणि त्यानंतरचा प्रश्न मला. दुसऱ्या प्रश्नाला मी घाबरते.

तू घर सोडलंस तो दिवस दसऱ्याच्या आधीचा, २२ ऑक्टोबर. आई हॉलमध्ये उभी राहून म्हणत होती, "हिनंच घेतल्या. आणि ही मला जेवणात काहीतरी कालवून घालते." शेजारच्या दारात दोघी-तिघी जमल्या होत्या. दादा माझ्याकडे वळला. त्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, "स्वरदा, आईचं काही चुकतंय का?" तू माझ्याकडे पाहत होतीस. रागाने नाही. तुला वाटत होतं की मी आता सांगेन.

मी म्हणाले, "आईची स्मरणशक्ती गेल्या तीन महिन्यांत सुधारली आहे. माझ्याकडे आकडे आहेत."

दादाने त्यानंतर तुला काही विचारलं नाही. तू चप्पल घालून खाली उतरलीस. बॅग दुसऱ्या दिवशी त्याने आणून पोचवली.

पाटल्या मी ५ तारखेला घेऊन येते.

स्वरदा


२ मे

राजनंदिनी,

आकडे काय होते ते लिहिते. या पत्रासोबत एक कागद जोडला आहे. मूळ प्रत आहे, झेरॉक्स नाही. नीट ठेव.

तो आईच्या रक्ताचा रिपोर्ट आहे. बी-१२: ११८. त्या लॅबच्या हिशेबाने २११ च्या वर हवं. तारीख बघ. १४ सप्टेंबर २०२३.

ताकावरून भांडण झालं त्यानंतर मला झोप लागेना, म्हणून मीच आईचं रक्त काढून पाठवलं होतं. म्हणजे तू बरोबर आहेस का, हे मी तपासून पाहिलं आणि तू बरोबर निघालीस. रिपोर्ट माझ्या ईमेलवर आला, मी छापला आणि क्लिनिकच्या खणात ठेवला. पाटल्या हरवायच्या पाच आठवडे आधी. एवढ्या कमी बी-१२ मध्ये विसरणं होतं, संशय येतो, कुणी विष घालतंय असंही वाटतं. हे मला माहीत होतं. हॉलमध्ये आई ओरडत होती तेव्हा मी लक्षणं ओळखत होते. एकेक करून, क्रमाने.

३० सप्टेंबरला क्लिनिकचा मोठा कार्यक्रम होता, आहार आणि मेंदू या विषयावर. जालना रोडच्या हॉटेलात अडीचशे माणसं. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मला बोलायला दिलं होतं आणि माझं उदाहरण आई होती. नाव न घेता, "बासष्ट वर्षांच्या एक गृहिणी". स्मरणाच्या चाचणीत तीसपैकी एकवीसवरून सव्वीस. पडद्यावर आलेख चढत जाताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. बी-१२ चा आकडा त्यात घातला असता तर आलेख राहिला नसता.

त्या सव्वीसबद्दलही सांगते. चाचणीत पाच शब्द देऊन थोड्या वेळाने विचारतात. दोन्ही वेळा मी तेच पाच शब्द वापरले: आंबा, खुर्ची, नदी, कुलूप, रेशीम. ही चूक विद्यार्थीसुद्धा करत नाही. गेल्या महिन्यात कालनिर्णयाची जुनी पानं रद्दीत काढताना जूनच्या पानामागे आईच्या अक्षरात ते पाच शब्द सापडले. अकरा वेळा लिहिलेले. अक्षर खाली खाली वाकडं होत गेलेलं. ती ते पाठ करत होती. तू ते ऐकलं असणार, कारण वाती वळताना तिच्याजवळ तू बसायचीस, मी नाही.

रिपोर्ट आल्यावर मी काहीच केलं नाही असं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. कॅप्सूलच्या डबीत बी-१२ च्या गोळ्या मिसळल्या. पण आठवण नसलेल्या माणसाला गोळी आठवून द्यावी लागते. ते काम तू करायचीस. तू गेल्यावर डबी डिसेंबरपर्यंत भरलेलीच होती. मी ती पाहिली आणि झाकण लावलं.

हा कागद बैठकीत कुणालाही दाखव. मी नाकारणार नाही.

स्वरदा


८ मे

वहिनी,

माझं चौथं पत्र बैठकीआधी तुला मिळालं नव्हतं, हे मला तुमच्या ओसरीवर बसल्यावर कळलं. नानासाहेबांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. तुला पाटल्या माहीत होत्या. रिपोर्टचा कागद माहीत नव्हता.

तिथे जे झालं ते तू पाहिलंस. तरी माझ्या बाजूने ते कसं होतं हे लिहायचं आहे.

नानासाहेब म्हणाले, "पोरगी चोर म्हणून तुमच्याकडून निघाली. आम्ही लेक म्हणून घेतली. आता तुमचं काय ते बोला, जावईबापू." मग मी पिशवीतून ब्लाउजपीस काढून सतरंजीवर उलगडलं. सटात सापडल्या म्हणाले. आईला आजारात आठवण राहिली नाही, म्हणाले. दादाने कपाळाला हात लावला. तुझ्या दगडाबाईआत्या म्हणाल्या, "सहा महिने एका भांड्याचं झाकण उघडंना कुणी? शहरातली माणसं लई कामात असतील." दोघं-तिघं हसले आणि ओसरीवरचा ताण उतरला. दादा तुझ्यासमोर हात जोडून काहीतरी म्हणत होता.

आईला हे सगळं तिथेच पहिल्यांदा कळलं. ती बाजेवर बसली होती. "मी? नंदिनीला मी चोर म्हणाले?" तिने दोन्ही हातांनी बाजेची कड धरली. "माझ्या तोंडून निघालं ना, मग ते माझंच."

तू तिच्याजवळ जाऊन बसलीस. म्हणालीस, "तुम्ही नव्हता त्या, आई. तुमचं दुखणं बोललं." आणि आतून ताकाचा पेला आणून तिच्या हातात दिलास. दगडाबाई म्हणाल्या, "आधी ताईसाहेबांना विचार. आमच्याकडं ऐकलंय, ताकाला बी परवानगी लागती." मीही हसले. वहिनी, मी त्या वेळी हसले हे तुला दिसलं असेल. मला वाटलं, झालं. पाटल्या मिळाल्या, आजारावर सगळं गेलं, पत्र अजून पोस्टात आहे. निघायच्या आधी तुला बाजूला घेऊन ते न फोडण्याबद्दल काहीतरी सांगता येईल. एवढं सगळं मी दगडाबाईंच्या एका वाक्याच्या वेळात ठरवलं होतं.

आणि तू आईच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलंस, "ताई, हे दुखणं तुम्हाला कधी कळलं?"

डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा मी आकडा बदलला होता. तुझ्या ओसरीवर म्हशीच्या रिकाम्या दावणीकडे बघत मी म्हणाले, "चौदा सप्टेंबरला." दादाला लगेच कळलं नाही. त्याने मनात महिने मोजले, ऑक्टोबरपाशी थांबला आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. परत येताना गाडीत तो पुढे बसला होता, आई आणि मी मागे. लासूर ते गारखेडा त्याने एकदाही आरशात पाहिलं नाही.

नानासाहेबांनी फारकतीचा कागद घडी करून दादाच्या हातात परत दिला. तू म्हणालीस, "सही आज नाय. येणं बी आज नाय. मी येईन का नाय ते मी ठरवीन, बैठकीनं नाय." ते योग्य आहे. मी येण्याबद्दल काही विचारणार नाही.

क्लिनिकमध्ये सोमवारी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ती केस काढून टाकू या, कारण कशाला लिहायचं?" मी म्हणाले, कारण लिहून मगच काढू. कार्यक्रमाला आलेल्या ज्यांचे पत्ते होते त्यांना दुरुस्तीचं पत्र गेलं आहे, खाली माझं नाव आहे. तिथे मी अजून किती दिवस असेन ते माहीत नाही.

निघताना तू डब्यात विरजण दिलंस, आईच्या हातात, माझ्या नाही. ते लागलं. काल सटात पहिलं दही जमलं. गॅसच्या जवळ ठेवू नकोस असं आईने मला दोनदा सांगितलं. दोनदा सांगितलं म्हणून मी घाबरले. मग ती म्हणाली, "विसरले नाही गं. तुला सवय नाही म्हणून परत सांगितलं."

आज सकाळी नळाला पाणी येणार होतं, आठव्या दिवसाचं, म्हणून मी घरी होते. पिंपं भरून झाल्यावर आईसमोर बसून तिचा फॉर्म भरला. बारा पानं, पहिल्यापासून. तिने सगळी उत्तरं दिली. काही तारखा तिला माझ्यापेक्षा नीट आठवतात.

एकतिसाव्या प्रश्नाला मी विचारलं, कोणतं अन्न सोडलं, केव्हा, कशासाठी? ती म्हणाली, "दूध. काशीला. तुझ्या बाबांसाठी." मी ते लिहिलं. मग तिने फॉर्म स्वतःकडे वळवून तो रकाना परत वाचला. मला वाटलं आठवत नाही.

"आणि ताक," ती म्हणाली. "ते तुझ्यासाठी सोडलं. तू एवढं शिकलीस, तुझं कुणीतरी ऐकायला पाहिजे ना."

रकान्यात मी तिचेच शब्द घातले. शेवटच्या पानावर माहिती घेणाऱ्याची सही लागते. ती जागा अजून कोरी आहे.

स्वरदा